कल्याण की डोंबिवली, अंबरनाथ की बदलापूर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर डोंबिवलीचं, सासर कल्याणचं, धाकटी नणंद बदलापूरला आणि मामेभाऊ उल्हासनगरात, कॅम्प चारला. त्यामुळे घर घेणारे, भाड्याने बघणारे आणि स्थळ बघणारे असे तिन्ही प्रकारचे नातेवाईक मलाच फोन करतात. दर वेळी तीच टेप लावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. कुठे डोंबिवलीकडे कल झुकलाच, तर तो माहेरचा समजावा.

१. "ठाण्याच्या पुढे" म्हणजे नेमकी कोणती गावं? आम्हाला तर सगळं एकच वाटतं.

गाडीच्या खिडकीतून एकच वाटतं खरं. सीएसएमटीपासून ठाणे साधारण ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा शहाड, आंबिवली, टिटवाळा करत कसाऱ्याला जातो, दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली मिळून साडेबारा लाखांच्या आसपास, उल्हासनगर पाच लाख, अंबरनाथ अडीच लाख आणि बदलापूर पावणेदोन लाख होतं. त्यानंतर जनगणना झालेली नाही. बदलापूरचा आकडा तर आता कुणी मनावर घेत नाही.

गावांचे स्वभाव वेगळे झाले, कारण प्रत्येक स्टेशनावर वेगळी माणसं, वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने उतरली. कल्याण हे बंदर होतं आणि मग जंक्शन झालं. डोंबिवलीत चाळीतले नोकरदार आले. उल्हासनगरात फाळणीतले निर्वासित आले. अंबरनाथला कारखान्यांनी माणसं आणली आणि बदलापूरला गृहकर्जाने. पुढची बरीचशी उत्तरं या पाच वाक्यांतून निघतात.

२. कल्याण-डोंबिवली एकच महापालिका आहे ना? मग ही दोन माणसं एकमेकांना नावं का ठेवतात?

महापालिका १९८३ पासून एक आहे, गाव एक कधीच नव्हतं. कल्याण फार जुनं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची सुरुवात झाली. दुर्गाडी किल्ला अजून खाडीवर उभा आहे. पारनाका, टिळक चौक, सुभेदार वाडा, दूधनाका ही नावं ऐकली की कळतं, हे कुण्या बिल्डरने वसवलेलं गाव नाही. जुने ब्राह्मण, सोनार, गुजराती व्यापारी, कोकणी मुसलमान अशी सगळी घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांना ओळखून आहेत. १८५४ मध्ये रेल्वे आली आणि त्यावर जंक्शनचा थर चढला. रेल्वेची वसाहत, मालधक्का, बाजार समिती, माळशेजमार्गे जुन्नर-नगरकडे जाणाऱ्या एसट्या हे सगळं त्यातून आलं. कसारा मार्गाने नाशिक-खानदेशची माणसं उतरली, म्हणून कल्याण पूर्वेला भाजी घेताना अहिराणी कानावर पडते.

डोंबिवली त्या मानाने कालची. साठच्या दशकापासून गिरगाव, दादर, परळच्या चाळींतली मराठी कुटुंबं दोन खोल्यांच्या आशेने इथे आली. बापाची नोकरी सरकारी खात्यात नाहीतर बँकेत, आई शिक्षिका, सोसायटी सहकारी, घरात ग्रंथालयाचं पुस्तक आणि देवघर. म्हणून डोंबिवलीचा तोंडवळा एका वर्गाचा आहे आणि कल्याणचा पेठेचा. डोंबिवलीकर कल्याणला "बाजार" म्हणतात, कल्याणकर डोंबिवलीला "कारकुनांची वसाहत". त्यात महापालिकेचं मुख्यालय कल्याणला, त्यामुळे "कर आमचा आणि रस्ते त्यांचे" ही डोंबिवलीकरांची कायमची तक्रार. सासरी हेच वाक्य उलट्या दिशेने ऐकायला मिळतं. मधला पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. तेवढ्या काळात दोन्हीकडच्यांनी एकत्र येऊन शिव्या घातल्या. एवढी एकी पुन्हा दिसली नाही.

३. डोंबिवली "सांस्कृतिक नगरी" आहे, हे खरं की नुसतं मिरवणं?

दोन्ही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आज महाराष्ट्रभर निघते, तिची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीच्या गणेश मंदिरापासून झाली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथे राहिले. २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्ख्या गावातली पोरंपोरी नवे कपडे घालून येतात. काही करायचं नसतं, फक्त दिसायचं असतं. कित्येक लग्नं तिथे ठरली आहेत.

मिरवण्याचा भाग असा, की हे सगळं पूर्वेच्या चार-पाच रस्त्यांभोवती घडतं आणि त्याला आपण अख्खी डोंबिवली म्हणतो. आणखी एक. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे. तेव्हा डोंबिवलीत भातशेती होती. हे माझे सासरे दर पाडव्याला, श्रीखंड वाढताना, न चुकता सांगतात.

४. पूर्व घ्यावं की पश्चिम? एवढा फरक असतो का?

असतो, आणि पुष्कळदा दोन गावांतल्या फरकापेक्षा जास्त असतो. एक नियम सगळीकडे लावू नका.

डोंबिवलीत मान पूर्वेला. गणेश मंदिर, फडके रोड, टिळकनगर, रामनगर, पुढे एमआयडीसीचा निवासी भाग. पश्चिमेला विष्णूनगर, शास्त्रीनगर आणि खाडीकडे मोठागाव. तिथे आगरी गावठाण, कोकणातली कुटुंबं आणि जरा मोकळी हवा. खाडीवरचा माणकोलीचा पूल झाल्यापासून पश्चिमेचा भाव वधारला आहे.

कल्याणला नेमकं उलटं. जुनं गाव पश्चिमेला आणि खडकपाड्याचे नवे टॉवरही तिकडेच. पूर्व म्हणजे कोळसेवाडी, तिसगाव, चिंचपाडा. कामगार, रेल्वेचे लोक, उत्तर भारतीय, खानदेशी अशी भरगच्च वस्ती. स्थळ बघताना "कल्याण" एवढंच लिहून आलं तर मुलीकडचे पहिला प्रश्न "पूर्व की पश्चिम?" हाच विचारतात. मला तो प्रश्न आवडत नाही, पण विचारतात.

अंबरनाथला शिवमंदिर पूर्वेला, आयुधनिर्माणी आणि विम्को नाका पश्चिमेला. बदलापूरला पूर्वेला कुळगाव, दाट वस्तीचं. पश्चिमेला जुनं बदलापूर गाव आणि उल्हास नदी. नदीचं पुढे प्रश्न ११ मध्ये आहे.

५. उल्हासनगरात सगळे सिंधीच असतात का? मराठी माणसाला परकं वाटेल?

नाही. पण गावाची घडण सिंध्यांनी केली, हे मान्य करूनच तिथे जावं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बॅरकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि शेजारच्या नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. अजूनही पत्ते कॅम्प नंबर, सेक्शन आणि बॅरक नंबरने सांगतात.

घरदार सोडून आलेल्या माणसांनी पापड, बिस्किटं, कपडे, फर्निचर, पुढे जीन्स असं मिळेल ते बनवलं आणि विकलं. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण हसून सांगतो. त्यातला टोमणा त्यांच्याही लक्षात येतो. माझ्या मामेभावाच्या शेजारचे काका म्हणतात, "आम्ही नोकरी मागितली नाही, म्हणून तुम्हाला आम्ही नकली वाटतो." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

कॅम्प चारला मराठा सेक्शन आहे, सुभाष टेकडीला मोठी बौद्ध वस्ती आहे, आणि आंबेडकर जयंती व चेटीचंड (सिंध्यांचं नववर्ष) दोन्हींना रस्ते भरतात. व्यवहाराची भाषा मात्र हिंदी. माणसं दुकानदार वृत्तीची: मोठ्याने बोलणारी, पटकन मदत करणारी, शनिवारी रात्री उशिरापर्यंत बाहेर असणारी. ज्याला साडेनऊला दिवे मालवून झोपायची सवय आहे त्याला जड जाईल. रविवारी सकाळचा दालपकवान हा सिंधी नाश्ता मात्र दोन्ही बाजूंना लागू पडतो.

घर घेताना एक काळजी घ्या. इथे अनधिकृत बांधकामं इतकी झाली, की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला खास कायदा करावा लागला. जमिनीची सनद आणि इमारतीची कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. गोड बोलणं हा कागद नव्हे.

६. अंबरनाथ आणि बदलापूर एकाच माळेचे मणी ना?

स्टेशनं शेजारी, नगरपालिका दोन्हीकडे, आणि दोन्ही गावं १९८३ मध्ये कल्याणच्या महापालिकेत घातलेली आणि १९९२ मध्ये बाहेर काढलेली. साम्य इथे संपतं.

अंबरनाथ कारखान्यांचं गाव. आयुधनिर्माणी, आगपेट्यांची विम्को, मग एमआयडीसी. आयुधनिर्माणीने देशभरातून माणसं आणली, म्हणून तिथे तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी मुलं एकाच शाळेत शिकली. तिथली जुनी माणसं घड्याळापेक्षा भोंग्यावर चालायची. आणि या कारखान्यांच्या गावात शिलाहारांचं शिवमंदिर, शके ९८२ चा म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेलं. महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. एरवी मंदिराला खेटून वाहणाऱ्या वालधुनीचा वास आधी येतो. ही नदी पुढे उल्हासनगरमधून कल्याणला जाते आणि वाटेत प्रत्येक गाव तिला आपलं काहीतरी देतं.

बदलापूर आधी खेडं होतं. शिवकाळात इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं गावकरी सांगतात. १९२७ मध्ये इथल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. ही गोष्ट नव्या बदलापूरकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, कारण नवे बदलापूरकर बहुतेक गेल्या पंचवीस वर्षांतले. डोंबिवली परवडेना म्हणून आलेली तरुण जोडपी, निवृत्तीचे पैसे घालून दोन बेडरूमचं घर घेतलेले गिरणगावातले आजी-आजोबा, पहिलं घर घेणारे पोलीस आणि नर्स. तिथे कोणीच कोणाला पिढीजात ओळखत नाही, म्हणून ओळखी पटकन होतात. नणंदेच्या सोसायटीत गणपतीला बावीस आडनावांची माणसं एकाच पंगतीला असतात आणि कोणी कोणाचं गाव विचारत नाही. तोटा असा, की अर्धी सोसायटी सकाळी सहाला निघते आणि रात्री नऊला येते. दुपारी गाव म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं असतं.

७. या गावांचे मूळचे लोक कोण?

बहुतेक ठिकाणी आगरी, खाडीकाठी कोळी, डोंगराकडे ठाकूर आणि कातकरी. डोंबिवलीचं आयरे, पाथर्ली, ठाकुर्ली, कोपर, मोठागाव ही मूळची गावं. आपण ज्याला "एरिया" म्हणतो ते कुणाचं तरी गाव असतं. भात आणि मिठागरं ही त्यांची मिळकत. इमारती त्यांच्या शेतांवर उभ्या आहेत. काहींना पैसा मिळाला, बऱ्याच जणांना एकदाच मिळाला आणि संपला.

पांढरपेशी डोंबिवली त्यांच्याबद्दल जरा नाक मुरडून बोलते: हळदीचा बॅन्ड, सोन्याच्या साखळ्या, मोठा आवाज. हे बोलणारे स्वतः चाळीतून आले, हे विसरतात. गावदेवीच्या जत्रेला एकदा जाऊन या, आगरी मसाल्यातलं जेवण जेवा, मग बोला. कोणत्याही सोसायटीला पाणी, रस्ता, नगरसेवक यांपैकी काही लागलं, की शेवटी याच घरांकडे जावं लागतं.

८. मुलाचं आडनाव पाटील, राहणार डोंबिवली. कुठले पाटील समजायचे?

काहीच समजू नका, विचारा. आगरी पाटील असू शकतात, खानदेशातले लेवा, पश्चिम महाराष्ट्रातले मराठा, आणखीही असू शकतात. म्हात्रे, भोईर, गायकर, मढवी असेल तर इथलं असण्याची शक्यता बरीच. पण आडनावावरून जात काढत बसण्यापेक्षा मुलगा घरी स्वयंपाकात हात लावतो का, हे विचारलेलं जास्त उपयोगी, असा माझा अनुभव आहे.

९. आम्ही मासे-मटण खातो, आडनाव सांगितलं की घरमालक टाळतात. कुठे जावं?

हे घडतं, आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्या भागात जास्त घडतं. डोंबिवली पूर्वेच्या काही सोसायट्यांत "फॅमिली व्हेज हवी" असं दलाल तोंडी सांगतो, कागदावर कोणी लिहीत नाही. कच्छी-जैन वस्तीच्या इमारतींत खाण्यावरून, तर जुन्या मराठी इमारतींत खाण्याच्या आडून जातीवरून. मुसलमान कुटुंबाला तर आडनाव सांगण्याआधीच फोन ठेवल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. डोंबिवली पश्चिम, कल्याण पूर्व, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नव्या सोसायट्या या बाबतीत बऱ्याच मोकळ्या. मालकाशी थेट बोला. पुष्कळदा मालकाला काही नसतं, दलालच परस्पर चाळणी लावतो.

१०. गाडीत बसायला कुठून मिळतं? आणि डब्यात कोण कसं वागतं?

डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर सगळीकडून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण सकाळी सात ते नऊमध्ये "सुटणारी" या शब्दाला अर्थ नाही. बदलापूरकर बसून येतो, म्हणून अंबरनाथकर त्याच्यावर चिडतो. अंबरनाथकर दारात उभा, म्हणून कल्याणकर चिडतो. आणि डोंबिवलीला चढायलाच मिळत नाही. मग डोंबिवलीकर उलटा कल्याणला जाऊन त्याच गाडीत बसून येतो. याला रिटर्न येणं म्हणतात. हे नियमाला धरून हवं असेल तर पास कल्याणपासूनचा काढा.

कल्याणच्या पुढे फास्ट-स्लो हा भेद उरत नाही, प्रत्येक लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते, आणि एक चुकली तर पुढच्या गाडीला वेळ असतो. बदलापूर ते सीएसएमटी दीड तासापेक्षा जास्तच धरा. या वेळेमुळेच बदलापूरच्या गाडीत ग्रुप घट्ट असतात. भजन, वाढदिवस, दसऱ्याच्या आधी डब्याची पूजा. नव्या माणसाने पहिले पंधरा दिवस गुमान उभं राहावं. लेडीजमध्ये चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारून नंबर लावायचा, लाजलात तर ठाण्यापर्यंत उभ्याच.

११. पाणी आणि पूर यांचं काय?

२६ जुलै २००५ सगळ्यांच्याच लक्षात आहे. जुलै २०१९ च्या अखेरीस महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागात घर बघत असाल तर शेजारच्या किराणा दुकानदाराला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगा. बिल्डरचा माणूस ती दाखवणार नाही.

१२. पलावा डोंबिवलीत येतं की नाही?

पत्त्यात येतं, मनात येत नाही. टॉवरांची ही मोठी नवी वसाहत कल्याण-शीळ रस्त्यावरच्या सत्तावीस गावांच्या पट्ट्यात आहे. ही गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली आणि भांडण तरीही चालूच राहिलं. तिथले टॉवरवासी नवी मुंबई, ठाण्याकडे तोंड करून राहतात. फडके रोडला वर्षातून एकदा येतात. शेजारच्या गावातल्या आगरी घरांशी त्यांचा संबंध दूध आणि टँकरपुरता. प्रश्न ७ वाचूनच तिथे जा.

१३. मग ठाणं किंवा दिवाच का नको?

ठाणं परवडत असेल तर घ्या, मला विचारू नका. तिथे नौपाड्याची मराठी वस्ती आहे, चेंदणीचा कोळीवाडा आहे, बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे आणि घोडबंदर रोडवर सगळ्या भारतातून आलेले टॉवर आहेत; ते आता उपनगर राहिलेलं नाही, स्वतःच शहर आहे. दिवा कोकणी माणसांनी भरलेलं, कारण सावंतवाडीची गाडी तिथूनच सुटते. स्वस्त आहे, पण प्रश्न ५ मधली कागदपत्रांची सूचना तिथे दुप्पट लागू.

१४. दलाल म्हणतो "विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, कल्याण". हे कल्याण की उल्हासनगर?

विठ्ठलवाडीला उतरलात की एका हाताला कल्याण पूर्व आणि दुसऱ्या हाताला उल्हासनगर. दोन महापालिका, दोन पाणीपट्ट्या, दोन वेगळ्या दिवशी पाणीकपात. शहाडलाही असाच घोळ आहे. जाहिरातीवर जाऊ नका. मालमत्ता कराची पावती मागा आणि तिच्यावर कोणत्या महापालिकेचं नाव आहे ते बघा. पावती "गावी राहिलीय" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.